जाहिरात वाचताना बिल डोळ्यांसमोर ठेवा

निवृत्तांसाठीच्या आरोग्यविम्याच्या जाहिरातींविषयी या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत इतकी पत्रे आली की या वेळचा संपूर्ण मजकूर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. काहींनी वर्तमानपत्रातली कात्रणे पाठवली आहेत, काहींनी मोबाइलवर आलेले संदेश उतरवून कळवले आहेत. आरोग्यविम्याच्या दाव्यांचे कागद मी बरीच वर्षे हाताळले आहेत आणि त्या अनुभवावरून एक गोष्ट आरंभीच सांगावीशी वाटते. जाहिरात नेहमी दोन आकडे पुढे करते: हप्ता किती आणि विमा रक्कम किती. रुग्णालयातून घरी जाण्याच्या दिवशी मात्र तिसराच आकडा महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे बिलातले नेमके किती रुपये कंपनी देणार. हा तिसरा आकडा जाहिरातीत कधीच नसतो. तो पॉलिसीच्या अटींतून आपल्याला स्वतः काढावा लागतो, आणि तो काढता येतो. पुढील उत्तरांत मुख्यतः तेच करून दाखवण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न: मी ६७ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. 'वयाची अट नाही, वैद्यकीय तपासणी नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट' अशी जाहिरात मी पाहिली. हे खरे असू शकते का?

आपण लिहिलेल्या तीन वाक्यांपैकी प्रत्येकात थोडे सत्य आहे, म्हणूनच ती तिन्ही वेगवेगळी तपासायला हवीत.

वयाबद्दल प्रथम. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचे, म्हणजे आयआरडीएआयचे, नवे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्याआधी नवी पॉलिसी घेण्यासाठी ६५ वर्षांची मर्यादा सर्रास दिसत असे, आता कंपन्यांना सर्व वयोगटांसाठी योजना उपलब्ध ठेवायच्या आहेत. त्यामुळे 'वयाची अट नाही' ही त्या एका कंपनीने दाखवलेली मेहेरबानी नव्हे. तसेच, अर्ज करता येणे आणि अर्ज स्वीकारला जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपली प्रकृती पाहून कंपनी जास्त हप्ता मागू शकते किंवा अर्ज नाकारूही शकते.

'वैद्यकीय तपासणी नाही' हे वाक्य वाचून बहुतेकांना हायसे वाटते. मला मात्र ते वाचून काळजी वाटते. तपासणी झाली तर आपली प्रकृती कशी होती याची नोंद कंपनीच्या स्वतःच्या कागदांत राहते. तपासणी झाली नाही तर सगळा भार प्रपोजल फॉर्ममधल्या, म्हणजे विम्याच्या अर्जातल्या, आपल्या उत्तरांवर येतो आणि हा फॉर्म पुष्कळदा एजंट किंवा फोनवरची व्यक्ती घाईघाईने भरते. 'मधुमेह आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण झाली, तर दोन वर्षांनी हृदयविकारासाठी केलेला दावाही 'माहिती दडवली' या कारणाने अडू शकतो. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, कंपनीला अशा कारणाने दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती पाच वर्षांवर आली. पण ६७ व्या वर्षी पाच वर्षे हा लहान काळ नाही. तेव्हा फॉर्म स्वतः वाचा, मधुमेह केव्हापासून आहे, कोणती औषधे चालू आहेत, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली, हे सारे त्यात लिहा, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवा.

आता 'पहिल्या दिवसापासून'. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनीला जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजाराचा दावा न मिळण्याचा काळ, ठेवता येतो. कंपनीची इच्छा असेल तर तो कमी ठेवता येतो किंवा जादा हप्ता घेऊन काढूनही टाकता येतो. त्यामुळे अशी योजना असणे अशक्य नाही. आपण लेखी विचारायचे प्रश्न असे: ही सोय मूळ पॉलिसीत आहे की वेगळे पैसे देऊन घ्यायच्या जोडणीत? ती सर्व जुन्या आजारांना लागू आहे की फक्त नावे दिलेल्या चार-पाच आजारांना? आणि मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातील खडे, प्रोस्टेटची वाढ, गुडघ्याचे सांधे बदलणे यांसारख्या ठरावीक उपचारांसाठी जो स्वतंत्र प्रतीक्षा काळ असतो, त्याचे काय? या शेवटच्या यादीकडे ज्येष्ठांनी विशेष लक्ष द्यावे. मधुमेह पहिल्या दिवसापासून धरला गेला तरी मोतीबिंदूसाठी दोन वर्षे थांबावे लागणे पूर्णपणे शक्य आहे, आणि साठीनंतर नियोजन करून होणाऱ्या शस्त्रक्रिया नेमक्या याच यादीतल्या असतात. याशिवाय नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांसाठी सुरुवातीचे ३० दिवस सहसा वगळलेले असतातच.

प्रश्न: 'दिवसाला फक्त ३० रुपयांत ज्येष्ठांचे संरक्षण' असे जाहिरातीत होते. चौकशी केली तेव्हा माझ्या ७१ वर्षांच्या वयासाठी त्याच्या कित्येक पटींनी हप्ता सांगितला. ही फसवणूक नाही का?

दिवसाला ३० रुपये म्हणजे वर्षाला १०,९५० रुपये. वार्षिक हप्ता कधीही दिवसांत भागू देऊ नये, आधी ३६५ ने गुणावे आणि मग विचार करावा. असा आकडा बहुतेक वेळा सर्वांत कमी वयाच्या ग्राहकासाठी, सर्वांत लहान विमा रकमेसाठी आणि सर्वांत स्वस्त प्रकारासाठी काढलेला असतो. 'पासून सुरू' हे दोन शब्द किंवा आकड्याशेजारची चांदणी तेच सांगत असते. छायाचित्र आजी-आजोबांचे आणि हप्ता तिशीतल्या माणसाचा, अशी जोडणी मी एकाहून अधिक जाहिरातींत पाहिली आहे.

ही फसवणूक ठरते का, हे त्या चांदणीखाली काय लिहिले आहे यावर अवलंबून आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. त्यांनुसार जाहिरातीतला खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा आणि दाव्याबाबतची महत्त्वाची माहिती लपवण्यासाठी खुलाशाचा वापर करता येत नाही. दावा मराठीत ठळक आणि चांदणीखालचा मजकूर बारीक इंग्रजीत, असे आढळले तर ते कात्रण जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. 'ही सवलत आज रात्री बारापर्यंतच' अशी खोटी घाई संकेतस्थळांवर केली जाते. नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'विषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी तिलाही अनुचित प्रथा ठरवले आहे. आरोग्यविम्याचा हप्ता वय, प्रकृती आणि विमा रकमेवरून ठरतो. तो मध्यरात्री बदलत नाही.

एक आनंदाची गोष्ट यात जोडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे आणि कुटुंबासाठीच्या फ्लोटर (सर्वांत मिळून एकच विमा रक्कम असलेल्या) व ज्येष्ठांच्या पॉलिसींनाही ही माफी लागू आहे. हा निर्णय सरकारचा आहे. तेव्हा कोणी 'आमच्याकडे जीएसटी माफ' अशी खास सवलत म्हणून सांगत असेल, तर तीच सवलत इतर प्रत्येक कंपनीकडेही आहे हे ध्यानात घ्यावे.

प्रश्न: पाच लाखांची पॉलिसी असूनही तीन लाखांच्या बिलातले एक लाखाहून अधिक आम्हाला भरावे लागले. पाच लाखांत तीन लाख बसत नाहीत का? जाहिरातीत तर 'संपूर्ण संरक्षण' असे लिहिले होते.

आपल्या पत्राने मला या महिन्यात सर्वांत अस्वस्थ केले, कारण यात कोणी गणित चुकवले आहे असे दिसत नाही. आपण पाठवलेल्या पॉलिसीत दोन अटी आहेत: खोलीभाडे दिवसाला विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत, आणि प्रत्येक दाव्यात २० टक्के को-पे, म्हणजे मान्य झालेल्या रकमेतला आपण स्वतः भरायचा वाटा. या दोन अटी मिळून काय करतात ते सोप्या, पूर्ण रकमा धरून मांडतो.

पाच लाखांचा एक टक्का म्हणजे ५,००० रुपये. समजा, रुग्णाला ८,००० रुपये भाड्याची खोली मिळाली आणि मुक्काम पाच दिवसांचा झाला. खोलीचे ४०,००० रुपये झाले. डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रिया, शस्त्रक्रियागृह आणि परिचर्या यांचे १,४०,००० रुपये झाले. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेले उपकरण यांचे १,२०,००० रुपये झाले. एकूण बिल ३,००,००० रुपये.

खोलीच्या ४०,००० पैकी कंपनी २५,००० मान्य करते. इथपर्यंत बहुतेकांना समजते. परंतु मोठी वजावट त्यानंतर होते. आपण पात्रतेपेक्षा महाग खोली घेतली म्हणून डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रिया आदी खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच या प्रमाणात, कापले जातात आणि १,४०,००० चे ८७,५०० होतात. औषधे, तपासण्या आणि उपकरण यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, त्यामुळे ते १,२०,००० पूर्ण धरले जातात. बेरीज २,३२,५०० झाली. आता यावर २० टक्के को-पे म्हणजे ४६,५०० रुपये वजा. कंपनी १,८६,००० रुपये देते आणि १,१४,००० रुपये कुटुंबाला द्यावे लागतात. हातमोजे, मुखपट्टी, नोंदणी शुल्क यांसारख्या न मिळणाऱ्या बाबी मी या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

म्हणजे पाच लाखांची मर्यादा या सबंध हिशेबात कुठेच आड आली नाही. ती सात लाख असती आणि खोलीसाठी ५,००० रुपयांचीच ठरावीक मर्यादा असती, तरी उत्तर हेच आले असते. म्हणून ज्येष्ठांनी दोन योजनांची तुलना करताना विमा रकमेआधी या दोन अटी पाहाव्यात असे माझे ठाम मत आहे. खोलीभाड्याला मर्यादा नसलेली तीन लाखांची पॉलिसी ही मर्यादा असलेल्या पाच लाखांच्या पॉलिसीपेक्षा अनेक प्रसंगी अधिक पैसे देते. वरच्याच उदाहरणात खोलीची मर्यादा आणि को-पे दोन्ही नसती, तर तीन लाखांची पॉलिसीही पूर्ण बिलाला पुरली असती.

आपल्याला दोन गोष्टी अजून करता येतील. पहिली, कंपनीकडून वजावटीचा बाबवार तपशील लेखी मागवा आणि औषधे, तपासण्या व उपकरण यांवर चुकून प्रमाणशीर कपात झालेली नाही ना, ते पाहा. अशी चूक मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे आणि ती दाखवून दिल्यावर पैसे परत मिळालेले आहेत. दुसरी, त्या रुग्णालयात खोलीच्या प्रकारानुसार डॉक्टरांचे व शस्त्रक्रियेचे दर बदलतात की नाही, ते विचारा. दर सर्व खोल्यांना सारखेच असतील तर प्रमाणशीर कपात लावणे योग्य नाही, आणि तसे पत्र रुग्णालयाकडून मिळवून कंपनीला देता येते. पुढच्या वेळी दाखल होतानाच नोंदणीच्या खिडकीवर आपल्या पॉलिसीतली खोलीची मर्यादा सांगावी. त्या घालमेलीच्या क्षणी हे सुचत नाही, म्हणून ती रक्कम विमा कार्डावरच लिहून ठेवावी.

आणि 'संपूर्ण संरक्षण' या शब्दांविषयी. पॉलिसीसोबत 'कस्टमर इन्फर्मेशन शीट' नावाचे काही पानांचे ग्राहक माहितीपत्रक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. १ जानेवारी २०२४ पासून त्याचा सुधारित नमुना लागू आहे. उपमर्यादा, को-पे, प्रतीक्षा काळ, वगळलेल्या बाबी हे सारे त्यात एकत्र असते आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावे लागते. मराठीत मागा. पैसे भरण्याआधी मागा. जे जाहिरातीत 'संपूर्ण' असते, ते या पत्रकात कुठे अपूर्ण आहे, ते दहा मिनिटांत समजते.

प्रश्न: एका कंपनीच्या जाहिरातीत '९८ टक्के दावे मंजूर' असे आहे. हा निकष पुरेसा आहे का?

पुरेसा नाही. वरच्या उत्तरातला दावा आठवा. तीन लाखांच्या बिलावर १,८६,००० मिळाले, तरी आकडेवारीत तो 'मंजूर' म्हणूनच मोजला जातो. ही टक्केवारी दाव्यांच्या संख्येची असते, रुपयांची नसते. शिवाय तिच्यात तरुण ग्राहकांचे आणि कंपन्यांच्या सामूहिक विम्याचेही असंख्य लहान दावे मिसळलेले असतात, त्यामुळे ज्येष्ठांच्या मोठ्या दाव्यांचे काय होते हे तिच्यावरून कळत नाही. आकडाच पाहायचा असेल तर आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात कंपनीने जमा हप्त्यांच्या तुलनेत दाव्यांपोटी किती टक्के रक्कम दिली ते प्रमाण असते, आणि विमा लोकपालांच्या वार्षिक अहवालात कोणत्या कंपनीविरुद्ध किती तक्रारी आल्या ते असते. हे दोन्ही अहवाल सर्वांसाठी खुले आहेत.

प्रश्न: माझी पॉलिसी चौदा वर्षे जुनी आहे. मी ६९ वर्षांचा आहे. दर वर्षी हप्ता वाढतो. दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत दिसणारी नवी योजना स्वस्त आहे. जुनी बंद करून ती घ्यावी का?

कृपया जुनी पॉलिसी बंद करू नका. एवढे एक वाक्य वाचून आपण हा अंक बाजूला ठेवलात तरी चालेल, इतके ते महत्त्वाचे आहे.

चौदा वर्षांत आपण जे मिळवले आहे ते कोणत्याही जाहिरातीत विकत मिळत नाही. आपले सर्व प्रतीक्षा काळ संपलेले आहेत. ६० महिन्यांची मुदत उलटल्यामुळे माहिती दडवल्याच्या कारणावरून आपला दावा सहजी नाकारता येत नाही. जुनी पॉलिसी सोडून नवी घेतली तर ही सारी घड्याळे ६९ व्या वर्षी शून्यापासून सुरू होतील, आणि नवी कंपनी आपली आजची प्रकृती पाहून निर्णय घेईल, पंचावन्नाव्या वर्षीची नव्हे.

कंपनी बदलायचीच असेल तर पोर्टेबिलिटीचा मार्ग आहे. त्यात जुन्या विमा रकमेपुरते प्रतीक्षा काळाचे श्रेय नव्या कंपनीकडे जाते. रक्कम वाढवली तर वाढीव भागासाठी मात्र प्रतीक्षा नव्याने सुरू होते. नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान दीड महिना अर्ज करावा, अर्जात 'पोर्टिंग' असे स्पष्ट नमूद आहे याची खात्री करावी आणि नवी पॉलिसी प्रत्यक्ष हातात येईपर्यंत जुनीचे नूतनीकरण चुकवू नये. नवी कंपनी अर्ज नाकारू शकते. फोनवरची व्यक्ती 'तुमचे सगळे फायदे आपोआप पुढे येतील, फक्त जुनीचा हप्ता भरू नका' असे सांगत असेल, तर तेच वाक्य ईमेलवर लिहून मागावे. आजवर माझ्या पाहण्यात असे कोणी लिहून दिलेले नाही.

हप्त्याविषयी आपली तक्रार रास्त आहे. निवृत्तीवेतन तेवढेच राहते आणि हप्ता वाढत जातो, ही अनेक घरांतली खरी ओढाताण आहे. ३० जानेवारी २०२५ रोजी आयआरडीएआयने कंपन्यांना सूचना दिली की साठ वर्षे व त्यावरील ज्येष्ठांच्या वैयक्तिक आरोग्यविम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा लागेल. आपल्या गेल्या दोन वर्षांच्या पावत्या काढून वाढीचे प्रमाण मोजा. ते १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कारण लेखी विचारा.

खर्च आटोक्यात ठेवण्याचा आणखी एक उपाय आहे. मूळ पॉलिसीची रक्कम न वाढवता तिच्यावर सुपर टॉप-अप ही पूरक पॉलिसी घेता येते. समजा, मूळ पॉलिसी तीन लाखांची आहे आणि तीन लाखांच्या वजावटीची (म्हणजे पहिले तीन लाख न देणारी) दहा लाखांची सुपर टॉप-अप घेतली. मग वर्षभरातल्या बिलांची बेरीज तीन लाखांच्या पुढे गेली की पुढचा खर्च ती उचलते. साधी टॉप-अप प्रत्येक दावा स्वतंत्र मोजते, म्हणून दोन-दोन लाखांची दोन बिले झाली तर तिच्यातून काहीच मिळत नाही, तर सुपर टॉप-अपमधून एक लाख मिळतात. जाहिरातीत 'सुपर' हा शब्द नुसता विशेषण म्हणूनही वापरलेला असतो, तेव्हा वजावट वर्षाच्या बेरजेवर आहे की प्रत्येक दाव्यावर, ते माहितीपत्रकात पाहावे. या नव्या पॉलिसीचे स्वतःचे प्रतीक्षा काळ असतील, म्हणून ती प्रकृती ठीक असतानाच घेणे इष्ट.

प्रश्न: 'रुग्णालयात दाखल झाल्यास दररोज २,००० रुपये' ही योजना मेडिक्लेमऐवजी चालेल का?

चालणार नाही. ती ठरावीक रक्कम देणारी योजना आहे, बिलाची भरपाई करणारी नव्हे. पाच दिवसांच्या मुक्कामाचे १०,००० रुपये मिळतील, बिल तीन लाखांचे असो की वीस हजारांचे. गंभीर आजारांच्या यादीवर एकरकमी पैसे देणाऱ्या योजनांचेही तसेच आहे. त्यांत आजाराची नेमकी व्याख्या आणि निदानानंतर ठरावीक दिवस हयात राहण्याची अट असते. मुख्य पॉलिसी असताना पूरक म्हणून त्या उपयोगी पडतात.

प्रश्न: माझ्या सासऱ्यांना (वय ७४) फोन आला की 'सरकारी पाच लाखांच्या विम्यासाठी १,५०० रुपये भरा आणि आलेला ओटीपी सांगा.' अशी सरकारी योजना आहे का?

योजना खरी आहे, तो फोन खोटा आहे. ओटीपी सांगू नये, पैसे भरू नयेत. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, समाविष्ट करण्यास ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुवात झाली. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळते. नोंदणीला शुल्क नाही, हप्ता नाही, आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाही नाही. वयाचा पुरावा म्हणून आधार लागते. आयुष्मान ॲपवरून, योजनेच्या संकेतस्थळावरून किंवा योजनेत सामील रुग्णालयात नोंदणी करता येते आणि माहितीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबरोबर एकत्रितपणे राबवली जाते. पाच लाखांची मर्यादा वर्षाला कुटुंबामागे आहे, म्हणजे पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ती दोघांत मिळून. खासगी विमा असलेल्यांनाही हे कार्ड घेता येते. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस यांच्या लाभार्थींना मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते.

सासऱ्यांचे कार्ड अवश्य काढा. त्याचबरोबर आपण सहसा जाता ते रुग्णालय या योजनेत आहे का आणि हव्या त्या उपचारासाठी आहे का, हे दाखल होण्याआधी पाहा. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी आणि नेहमीची औषधे तिच्यात येत नाहीत. केवळ हे कार्ड मिळाले म्हणून चालू असलेली खासगी पॉलिसी बंद करण्याची घाई नको.

विमा विकण्यासाठी, बोनस देण्यासाठी किंवा हप्ते गुंतवण्यासाठी आयआरडीएआय कोणालाही फोन करत नाही. हा इशारा विम्याच्या जाहिरातींच्या तळाशी छापलेला असतो. बारीक अक्षरांतला तो मजकूर निदान एकदा भिंगाखाली धरून वाचण्यासारखा आहे.

प्रश्न: बाबा मुदतठेवीच्या नूतनीकरणासाठी बँकेत गेले होते. तिथे लावलेली जाहिरात दाखवून त्यांना आरोग्यविमा दिला गेला. त्यांना दहा वर्षांपासून रक्तदाब आहे, पण आलेल्या कागदात 'कोणताही आजार नाही' असे छापले आहे. पैसे भरून अठरा दिवस झाले. आता काय करावे?

आपण वेळेत लिहिलेत याचा मनापासून आनंद झाला. हातातला कागद 'पॉलिसी' आहे की 'सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स', हे आधी पाहा. वैयक्तिक पॉलिसी असेल तर ती मिळाल्यापासून ३० दिवस 'फ्री लूक'चे असतात. त्या मुदतीत ती परत केल्यास तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून उरलेला हप्ता परत मिळतो. सर्टिफिकेट असेल तर बाबा बँकेच्या सामूहिक विम्यात आले आहेत. तिथे मुख्य करार बँक आणि कंपनी यांच्यात असतो, बँकेने तो पुढच्या वर्षी बदलला तर अटीही बदलू शकतात. अशा वेळी रद्द करण्याच्या अटी बँकेकडून आजच लेखी मागवा.

ठेवू की परत करू, हा निर्णय पुढे घेता येईल. रक्तदाबाची नोंद मात्र कोणत्याही परिस्थितीत आधी दुरुस्त करा. कंपनीला ईमेल पाठवा, त्यात रक्तदाब केव्हापासून आहे आणि कोणती औषधे चालू आहेत ते लिहा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा आणि प्रपोजल फॉर्मची प्रत मागा, कारण ती देणे कंपनीचे कर्तव्य आहे. दुरुस्तीनंतर कंपनी हप्ता वाढवील किंवा पॉलिसी रद्द करील. ते आज झालेले परवडते, अतिदक्षता विभागाबाहेर उभे असताना झालेले परवडत नाही. ठेवीसाठी विमा घेणे सक्तीचे आहे असे बाबांना कोणी सांगितले असेल, तर तेही तक्रारीत लिहा. बँकेला अशी सक्ती करता येत नाही.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या मागणीची तक्रार चालते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवण्याचीही सोय आहे.

आपल्याकडे अजून बारा दिवस आहेत. ईमेल आजच पाठवा आणि बँकेतल्या त्या जाहिरातीचा फोटो, ती तिथून काढली जाण्याआधी, काढून ठेवा.